खोबरेलात पाणी दिलेली कुऱ्हाड

आबा, तार आली तेव्हा मी खोबरेल पातळ करत होते. थंडीनं बाटलीत गोठून बसलं होतं, म्हणून वाटीत काढून शेगडीजवळ ठेवलं होतं. तेवढ्यात हे आले. तुमचा मुलगा वाईट बातमी आणतो तेव्हा चपला काढायच्या विसरतो, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतंत. चपलांसकट थेट शेगडीपर्यंत आले. मी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "आबा?" त्यांनी नुसती मान हलवली. खोलीभर खोबरेलाचा वास सुटला होता. खरं सांगते, मला रडू यायच्या आधी हसू आलं. तुमच्या जाण्याच्या बातमीलासुद्धा हाच वास यावा ना!

दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं हे गावाला गेले. धाकटीला ताप आहे, म्हणून मी मागे राहिले. निघताना विचारत होते, "आबांची कुऱ्हाड घेऊन येऊ का?" मी नको म्हटलं. लालबागच्या चाळीत कुऱ्हाडीनं काय करायचं, भिंतीवर टांगून आल्यागेल्याला दाखवायची? तुमच्या चुलतभावाला, बाबूकाकांना राहू दे. तुमच्या माडांमध्ये ती रोज उठून काम करत आली, तिथंच करू दे.

इथे लोक येऊन बसतात आणि तुमच्याविषयी चांगलं बोलतात. मला ऐकवत नाही. किती शांत स्वभाव, म्हणे. कधी कुणाला दुखवलं नाही, म्हणे. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, हा माणूस माझ्याशी रोज सकाळी भांडायचा, त्याला ओळखत तरी होतात का तुम्ही?

आपलं भांडण पेपरावरून असायचं. मी गिरगावातून लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. घरात तुम्ही आणि हे. माहेरी मला शिकवलं होतं की बोलायचं ते हळू, हसायचं ते त्याहून हळू. सासरीही तेच असणार असं धरून मी चालले होते. आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात पेपर दिलात आणि खाली पटांगणातल्या ओंडक्यावर जाऊन बसलात. मी जिन्याच्या पायरीवर. मी वाचायला लागले, तर तुम्ही ओरडलात, "मोठ्यान वाच गो! माका आयकाक येना नाय!"

कान तुमचे ठणठणीत होते. वरच्या मजल्यावर कुणी तुमची टिंगल केली तर ती खाली बसून ऐकू यायची. गेले होते ते डोळे. मिलच्या लोहारखान्यात उभी हयात भट्टीत बघण्यात गेली, तिचा उजेड डोळ्यांत भरून राहिला होता. अक्षरं तुम्हाला दिसत नव्हती आणि हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. माझ्यापुढे कायम म्हणायचात, "तुका सवय व्हावी म्हणान वाचूक लावतंय."

सवय झाली. मोर्चे, सभा, लाठीमार, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, सगळं मी जिन्यावर बसून खणखणीत वाचायची आणि अर्धी चाळ गोळा व्हायची. एखादी बातमी मला नको वाटली म्हणून मी गाळायला बघितली की तुम्हाला कसं कोण जाणे कळायचं. "दिसता ता सगळा वाच. तुझा काय ता मगे सांग." ह्या घरात मला आवाज चढवायला सांगणारे तुम्ही एकटेच होतात, आबा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सासऱ्यानं डोक्यावर बसवलीय. बसवलीच होतीत.

तो ओंडका आणला होता कांबळेभाऊंनी. शेजारच्या चाळीतले, शिवडीला बंदराच्या गोदामात मुकादम. धक्क्याचा जुना खांब उपटला, त्याचा एक तुकडा त्यांनी हातगाडीवर घालून आणला होता, सरपणाला होईल म्हणून. कसलं परदेशी लाकूड होतं देव जाणे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून काळंठिक्कर पडलेलं, आणि मधोमध एक ही मोठी गाठ. ज्यानं ज्यानं त्याच्यावर कुऱ्हाड चालवली त्याची धार गेली. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला आणि तो ओंडका बसायच्या कामाला लागला.

मग तुमच्या डोक्यात गाव शिरलं. मिलमधून निवृत्त होऊन थोडे दिवस झाले होते. घराला कुलूप, माडांकडे नीट बघायला कुणी नाही, रान माजलंय, मी जातो. हे असे उसळले! घरात दोघांचा आवाज सारखाच, भिंती तेवढ्या पातळ.

"आम्ही मुंबईसाठी लाठ्या खातोय आबा, आणि तुम्ही मुंबई सोडून चाललात? लोक काय म्हणतील?"

"मुंबय मिळांदे तर खरी. मिळाली काय बघूक येतंय. हक्क व्हयो म्हणान माणसान जल्मभर दारात बसाचा काय?"

"आणि तिकडे एकटे पडलात म्हणजे? हाकेला कोण आहे?"

"बाबू आसा. माड आसत."

मी भाकऱ्या थापत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. सासरा आणि मुलगा बोलत असताना सुनेनं मध्ये पडायचं नसतं, एवढं गिरगाव माझ्यात शिल्लक होतं. नेमक्या त्या दिवशी.

भांडण मिटेना, तेव्हा तुम्ही तोड काढलीत. ज्याला आपलं हत्यार आपल्या हातानं करता येतं त्याला एकट्यानं राहता येतं, हे तुमचं म्हणणं. "मी एक कुराड करतंय. त्या ओंडक्याच्या गाठीर घालतंय. धार रवली तर मी गावाक. झडली नायतर वळली तर हयच रवतंय. मगे तुझा तोंड गप, माझा तोंड गप." धार टिकली तर गाव, नाही तर मुंबई. ह्यांनी लगेच हो म्हटलं, कारण त्या गाठीला आजवर कुणी हरवलं नव्हतं. आणि मीही मनातल्या मनात हो म्हटलं, त्याच कारणासाठी.

रे रोडच्या भंगारवाल्याकडून तुम्ही ट्रकच्या कमानीचं मोडकं पान आणलंत. तुपाच्या डब्याला आतून माती लिंपून भट्टी केलीत, रुळाच्या तुकड्याची ऐरण. दर रविवारी पटांगणात ठणठण सुरू. बायका दोरीवरचे कपडे काढून घेत तुमचा उद्धार करायच्या. भट्टीचा पंखा फिरवायला मी, कारण तुमच्या मते माझा हात एकसारखा चालत होता. तुम्ही ते लोखंड वाकवून दांड्यासाठी नेढं केलंत, टोकं जोडलीत, ठोकून ठोकून पातं काढलंत. घण मारताना तुम्हाला डोळ्यांची गरज नव्हती. आवाजावरून कळायचं.

आणि मग तो खोबरेलाचा दिवस! पातं लालभडक झालं, आणि तुम्ही मला म्हणालात, "जा गो, गावचो तेलाचो डबो हाड." मला वाटलं हाताला चटका बसला असेल, लावायला हवंय. मी धावत जाऊन डबा आणला, वर्षाचं खोबरेल, बाबूकाकांनी नुकतंच बोटीनं धाडलेलं. तुम्ही ते बादलीत ओतलंत आणि मी ओरडेपर्यंत पातं आत बुडवलंत. भस्सकन जाळ उठला, धूर झाला आणि सगळ्या चाळीत वास सुटला. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "कोणाकडे काय तळतायत हो?"

"आणि मी केसांना काय लावू आता? रॉकेल?" मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

"मिलीत काळा तेल होता, मालकाचा," तुम्ही शांतपणे म्हणालात. "ह्या आमच्या माडांचा. कुराड पण आमच्या माडांतच जातली."

तेलात बुडवतात आणि त्याला पाणी देणं म्हणतात. कुठल्या शहाण्यानं हे नाव ठेवलं, असं मी तेव्हा विचारलं होतं. त्या दिवशी मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही, हेही आठवतंय.

पण खरं काम पुढच्या रविवारी होतं. असं एकदम थंड केलेलं पोलाद काचेसारखं कडक होतं, घाव घातला की धार झडते. म्हणून ते पुन्हा जरा तापवून त्याचा कडकपणा उतरवायचा. तुम्ही पात्याची धार दगडावर घासून चकचकीत केलीत, जाड पाठ निखाऱ्यांवर धरलीत आणि मला जवळ बसवलंत.

"आता रंग धावतलो. पयलो गवती, सुक्या पेंढेसारखो. मगे तांबूस, मगे जांभळो, मगे निळो. गवती धारेर पोचलो काय सांग. निळो पोचलो तर धार मऊ झाली, कुराड गेली."

"मला कशाला? तुम्हीच बघा."

"माका दिसता. तुका शिकवतंय."

मी काय लोहार होणार होते? पण मी बसले. सांडशीत धरलेलं ते पातं, त्याची पांढरी चकाकती कड, आणि तुमचे डोळे कुठेतरी भलतीकडेच, निखाऱ्यांच्या उबेकडे. तुम्हाला काही दिसत नव्हतं, आबा. मला त्या क्षणी ते लख्ख कळलं. आणि दुसरंही कळलं. मी गप्प राहिले की झालं. काही करायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नुसतं जरा वेळ गप्प बसायचं. निळा धारेवर जाईल, गाठीवर धार वळेल आणि तुम्ही राहाल. उद्या सकाळी ओंडक्यावर बसून मला म्हणाल, मोठ्यान वाच गो.

"रंग कसो?"

"पाठीकडे निळा झालाय. पुढे सरकतोय."

"धारेर?"

पेंढ्याचा रंग कडेकडेनं आला. इतका सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडानं वाचून टाकलं, "गवती! झालं! बुडवा!" चाळीच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. तुम्हीच लावलेली सवय. दिसतंय ते सगळं वाचायचं, आपलं काय ते मग सांगायचं.

तुम्ही ते बुडवलंत. थंड झाल्यावर धारेवरून हलकेच कानस फिरवलीत, कान लावून ऐकलंत, बोटानं चाचपलंत. मग माझ्याकडे तोंड केलंत. मला वाटलं आता शाबासकी देणार. तुम्ही म्हणालात, "चाय कर."

कसोटीच्या दिवशी सगळी चाळ पटांगणात. कोकणातल्या माणसाला देवाला सांगितल्याशिवाय शुभकार्य सुरू करता येत नाही, तसे तुम्ही नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घालायला उभे राहिलात.

"बा देवा म्हाराजा! आज ही कुराड पयलो घाव घालता हा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"ह्या चाळीत कोणाचा काय वाकडानाकडा आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि मुंबय आमची आमका मिळांदे रे म्हाराजा!"

ह्या वेळचा होकार रस्त्यापर्यंत गेला. कांबळेभाऊही त्यात होते. त्यांनी नुकतीच दीक्षा घेतली होती, घरातले देव काढून बुद्धाची तसबीर लावली होती. ते नुसतं "होय!" म्हणाले आणि थांबले. मग तुम्हाला म्हणाले, "मी देवाला नाही हां आबा, फक्त मुंबईला होय म्हटलं." तुम्ही म्हणालात, "चलता. म्हाराज समजून घेता." मग पुन्हा हात जोडून, "आणि सूनबायचो खोबरेलावरचो राग उतरांदे रे म्हाराजा!" चाळ हसून लोळली. सगळ्यात मोठ्यानं होय म्हाराजा म्हणाले ते आमचे हे.

स्वतःच्या गावाला जाण्याबद्दल मात्र तुम्ही देवाजवळ एक शब्द काढला नाहीत. माझ्या ते तेव्हाच ध्यानात आलं होतं.

मग घाव. तुम्ही हातानं गाठ चाचपून घेतलीत, पाय रोवलेत आणि कुऱ्हाड वर नेलीत. आवाज असा आला की गॅलरीतली कबुतरं उडाली. ढलपी उडून कांबळेभाऊंच्या पायाशी पडली, बाहेरून काळी आणि आतून लाल, ताजी. तुम्ही घालत राहिलात, दम लागला की थांबायचात, पुन्हा घालायचात, आणि अखेर त्या गाठीला चीर गेली. कांबळेभाऊंनी धार उजेडात धरून बघितली, अंगठ्यानं चाचपली. झडली नव्हती, वळली नव्हती. ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "यशवंता, धार जशीच्या तशी आहे रे." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आमच्या ह्यांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. ते वर निघून गेले.

"घाल गो एक घाव," तुम्ही म्हणालात. मी पदर खोचला. आयुष्यात कुऱ्हाड हातात धरली नव्हती. डोळे मिटून घातला तो घाव त्या चिरेत असा रुतला की कुऱ्हाड निघेचना. दोन बाप्ये ओढून दमले. तुम्ही येऊन दांडा हलकेच वरखाली केलात आणि ती लोण्यातून निघावी तशी निघाली. तेव्हा तुम्ही इतके खूश होतात, आबा! तुम्हाला तसं मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि तुमच्या तोंडाकडे बघून आनंदही होत होता, आणि दोन्हींतलं काय लपवावं तेच कळेना.

भाऊच्या धक्क्यावर हे तुमच्याशी बोलले नाहीत. बोट सुटायच्या वेळी मात्र ती गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "पेपर चुकव नको."

नाही चुकवला. जिन्यावर अजून वाचते. ओंडका फुटला म्हणून लोक पायऱ्यांवर बसतात.

आणि दर मे महिन्यात आम्ही गावाला. काय बहरला होतात तुम्ही! अंगणात सरपणाच्या राशी, बोडक्या माडांच्या जागी नवी रोपं, आणि उन्हानं रापलेले तुम्ही, हातात तीच कुऱ्हाड. दिसायचं ते आणखी कमी झालं होतं, पण पायांना सगळं ठाऊक होतं. आंबे उतरवले की टोपली माझ्यापुढे सरकवायचात, "रंग कसो?" आणि मी सांगायची. ह्यांचा राग दुसऱ्याच मे महिन्यात विरघळला. बापलेक मागीलदारी बसून मासे साफ करताना मी बघितलंय. त्याहून जास्त मला काय हवं होतं?

गेला मे तर विचारूच नका. मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि आम्ही तुमच्या अंगणात होतो. तुम्ही पणत्या लावायला लावल्यात आणि ह्यांना म्हणालात, "गाऱ्हाणा पावला." हे म्हणाले, "मग आता चला मुंबई बघायला, कबूल केलं होतंत." तुम्ही म्हणालात, "बघतंय." आपल्या घरातल्या सगळ्या गोष्टी अशा बघतंयवर राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फणसाचा ओंडका फोडत होतात. मी ढलप्या वेचत होते. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "त्या दिशी तू गप रवली असतंस ना, तर मी रवलो असतंय हां."

माझ्या हातातल्या ढलप्या पडल्या.

"कानस मारली काय माका कळता गो. धार मऊ लागली असती तर मी समाजलो असतंय, हिका मी व्हयो आसंय. यशवंत लोकांचा बोल्लो, मुंबयचा बोल्लो. रव म्हणान तोंडान माका कोणी सांगूक नाय."

मी काय केलं? उठून आत गेले आणि जोरजोरात भांडी घासली. मला तुमचा भयंकर राग आला होता. म्हणजे तुम्ही माझ्या हातात कुऱ्हाड दिलीच नव्हती, स्वतःलाच दिलं होतंत, आणि मला सांगितलंही नव्हतंत! भांडायचं मी पुढच्या मे महिन्यावर ठेवलं. सगळे मुद्दे तयार होते. आता तो मे येईल आणि तुम्ही नसाल.

भांडणातलं माझं म्हणणं आता इथेच मांडते. तुम्ही गेलात ते बरं झालं. राहिला असतात तर जिन्याखाली बसून हळूहळू विझला असतात. तुमच्या माडांत तुम्ही जगलात तसं इथे जगला नसतात आणि मी ते डोळ्यांनी बघितलंय. पुन्हा ते पातं माझ्यापुढे धरलंत तर मी पुन्हा तेच सांगेन, कारण समोर जे दिसतंय ते बदलून वाचायला तुम्ही मला शिकवलं नाहीत. पण तुमच्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही विसरलात. आपलं काय ते मग सांगायचं, असंही म्हणायचात ना? मी "झालं, बुडवा" म्हटल्यावर तुम्ही चहा करायला धाडलंत. थोडं थांबला असतात तर माझं मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही. दोघेही सारखेच.

सुतकात डोक्याला तेल लावायचं नाही, म्हणून ती वाटी कोनाड्यात तशीच आहे, पुन्हा गोठलेली. धाकटी झोपली आहे. खाली पटांगणात कुणी नाही, तरी मी जिन्याच्या त्याच पायरीवर येऊन बसले आहे आणि वाचते आहे, तुम्हाला आवडायचं तसं, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. रंग गवती होता, आबा. अगदी पेंढ्यासारखा, धारेवर एकसारखा आलेला. तो मी बरोबर वाचला.

आता माझं. राहा, आबा.